साल्हेरच्या नावाचा भाव कुणाच्या पदरात?



११ जुलै २०२५ रोजी पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बारांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. या अकरांत आपल्या नाशिक जिल्ह्याचा एकच किल्ला आहे, बागलाण तालुक्यातला साल्हेर. बातमी आली, पेढे वाटले गेले, फलक लागले. काही फलकांवर तर किल्ला कोपऱ्यात आणि पुढारी मधोमध असा थाट होता.

आनंद आपल्यालाही झाला. का होऊ नये? १५६७ मीटर उंचीचा हा डोंगर, कळसूबाईनंतरचे राज्यातले सर्वांत उंच शिखर. १६७१ साली शिवाजी महाराजांनी साल्हेर घेतला. मोगलांनी त्याला वेढा घातला आणि फेब्रुवारी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोकळ्या मैदानात त्यांचा पराभव केला. त्या लढाईत लढलेले बहुतेक लोक पाऊस पडला की नांगर धरणारे आणि दसरा झाला की घोड्यावर बसणारे होते. म्हणजे आपलेच वाडवडील.

पण आपल्या लोकांना एक सवय लागलेली आहे. "तुमच्या मालाला फार किंमत आली हो," असे कोणी सांगितले की आपण लगेच विचारतो, भाव काय फुटला आणि हिशेबपट्टी कुणाच्या नावावर फाटली? साल्हेरच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायचा आहे. किल्ल्याला जगात नाव मिळाले. त्या नावाचा पैसा होणार, हे मंत्र्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे सांगतात. तो पैसा कुठे जमा होणार, एवढेच कोणी सांगत नाही.

युनेस्को पैसे देते का?

पहिली गोष्ट साफ करून घेऊ. युनेस्को या किल्ल्यांना पगार देत नाही. जागतिक वारशाचा करार १९७२ चा आहे, भारत त्यात १९७७ साली सामील झाला. या करारानुसार स्थळ सांभाळायची, दुरुस्त करायची जबाबदारी ज्या त्या देशाची. म्हणजे खर्च आपल्याच तिजोरीतून, आपण भरलेल्या करातून. यादीतून मिळते ते फक्त नाव. नाव ऐकून माणसे येतात, आणि येणारा माणूस जिथे खातो, झोपतो, खरेदी करतो तिथे पैसा पडतो. वारशाचे अर्थशास्त्र एवढेच आहे.

हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. सुरतेच्या बंदरातून दख्खनेत येणारा व्यापारी रस्ता या बागलाणातून जात असे. ज्याच्या हाती साल्हेर, मुल्हेर, त्याच्या हाती त्या रस्त्याच्या नाड्या. किल्ला नुसता शोभेला बांधलेला नव्हता. वाटेवरच्या मालाची जकात त्याच्या जोरावर वसूल होत होती, आणि गडावरच्या शिबंदीचे पोट पायथ्याच्या धान्यावर चालत होते. आज त्या वाटेने माल जात नाही, पाहुणे येणार आहेत. नाका कुणाच्या हाती, हा प्रश्न मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वी होता तोच आहे.

आता साल्हेरला येणारा पाहुणा कसा असतो? मुंबई-पुण्याहून रात्री गाडी निघते, पहाटे पायथ्याला लागते. जेवणाचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर. चढले, फोटो काढले, संध्याकाळी परत. गावात पडतो तो चहाचा पैसा आणि मागे उरतो तो रिकाम्या बाटल्यांचा ढीग. यात त्या पोरांचा दोष नाही. मुक्कामाला खोली नाही, जेवायला खानावळ नाही, मग त्यांनी पैसा टाकावा तरी कुठे?

हे दुखणे आपल्याच वाट्याला आले असे नाही. इटलीतले व्हेनिस हे पाण्यावर वसलेले शहर १९८७ पासून जागतिक वारसा आहे. तिथेही दिवसभर हिंडून संध्याकाळी पळणाऱ्या पाहुण्यांनी गाव भरते आणि रिते होते. म्हणून २०२४ पासून त्यांनी गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्याकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. जो रात्रीचा मुक्काम करतो त्याला हे प्रवेशशुल्क माफ. एवढ्या श्रीमंत गावालासुद्धा कळले की मुक्कामाचा पाहुणा वेगळा आणि धावता पाहुणा वेगळा.

लेणी कापसाच्या रानात, मुक्काम शहरात

आपल्या कोरडवाहू भावांनी डोळ्यांसमोर ठेवावे असे उदाहरण लांब नाही. अजिंठ्याची लेणी १९८३ पासून जागतिक वारसा आहेत. भारतातली जी पहिली चार स्थळे यादीत गेली, त्यांतले हे एक. चाळीस वर्षे उलटून गेली. आणि अजिंठा आहे कुठे? सोयगाव तालुक्यात, भर कापसाच्या रानात.

जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ विकासाचा प्रकल्प झाला. पहिल्या टप्प्याचा करार १९९२ चा, दुसऱ्याचा २००३ चा. रस्ते झाले, झाडे लावली, शहराचा विमानतळ सुधारला. फर्दापूरजवळ मोठे अभ्यागत केंद्र बांधले, तेही पुढे वीज आणि पाण्याच्या थकबाकीपायी बंद पडले होते. केंद्र बांधायला कर्ज मिळाले, पण चालवायचे कुणी आणि कशातून, हा हिशेब कुणी केलाच नव्हता.

मी त्या बाजूला नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. फर्दापूरच्या तिठ्यावर पाहुण्यांच्या गाड्या थांबतात, तिथून चार किलोमीटर बसने लेण्यांपर्यंत नेतात. तिथे चहा पिताना कापसाचे रान असलेल्या एका भावाशी बोलणे झाले. मी म्हणालो, "तुमचे बरे आहे, जग तुमच्या दारात येते." तो हसला. म्हणाला, "दारात येते दादा, घरात येत नाही. चहा आमच्याकडे, जेवण रस्त्यावरच्या हॉटेलात आणि मुक्काम संभाजीनगरला नाहीतर जळगावला. माझा कापूस जसा गाडीत बसून जातो, तसाच पाहुणाही गाडीत बसून जातो."

त्याचे बोलणे ऐकून माझे डोळे उघडले. लेण्यांच्या तिकिटाचा दर २०१८ साली ठरला, भारतीय माणसाला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपये. हा पैसा दिल्लीच्या तिजोरीत जातो. खोलीचे भाडे शहरात जाते. फर्दापूरला उरते हमाली, टपरी आणि रंगीत दगड विकणे. त्यावर काही घरे चालतात, ते नाकारायचे कारण नाही. पण आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण आठवल्याशिवाय राहत नाही.

कापूसवाल्याला हे शिकवावे लागत नाही. क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई निघते. रुईचे सूत, सुताचे कापड, कापडाचा सदरा. सदऱ्याची किंमत बघा आणि त्यातला वेचणीवाल्याच्या हाती आलेला वाटा बघा. कच्चा माल गावातून निघाला की त्याच्या किमतीवरचा गावाचा हक्क संपला. किल्ला हाही आपला कच्चा मालच आहे. फरक एवढाच की तो गाडीत घालून नेता येत नाही. गिऱ्हाइकाला आपल्या दारात यावेच लागते. असा माल शेतकऱ्याच्या नशिबी क्वचित येतो. तरीही तो आपण खेडा खरेदीच्या भावाने देऊन बसणार असू, तर दोष दुसऱ्या कुणाला द्यायचा?

कासच्या गावांनी काय केले?

दुसरे उदाहरण साताऱ्याजवळच्या कास पठाराचे. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाची मान्यता मिळाली, त्यात हे फुलांचे पठार आले. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा फुलांचा हंगाम. पूर्वी लोक गाड्या थेट फुलांत घालत. मग वनखाते आणि कास, कासाणी, आटाळी, एकीव अशा भोवतालच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्यांनी मिळून पठाराचा कारभार हाती घेतला. माणशी शंभर-दीडशे रुपये शुल्क, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी. पावती फाडणारा गावचा, गाड्या लावून देणारा गावचा, फुलांची माहिती सांगणारा गावचा पोरगा.

तिथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. सातारा-कास रस्त्यावर बाहेरच्यांनी जमिनी घेऊन बांधकामे केली, त्यावरून वाद झाले. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. पण फर्दापूर आणि कास यांत एक फरक लक्षात घ्या. कासला नाक्यावर गाव उभे आहे. दोन्ही ठिकाणांना युनेस्कोचे नाव एकच. नाव सारखे असून पदरात पडणारे माप वेगळे, कारण वसुली कुणी करायची हे ठरवताना कासची गावे बाजूला बसली नाहीत.

बंधने कुणावर?

वारशाच्या नावाबरोबर बंधनेही येतात, हे पेढे वाटताना कोणी सांगितले नाही. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे असलेल्या स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीशिवाय काही करायचे नाही, अशी २०१० ची कायद्यातली तरतूद आहे. साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, म्हणून ती इथे जशीच्या तशी लागू नाही. पण यादीत जाताना किल्ल्याचे गाभा क्षेत्र आणि भोवतीचा संरक्षित पट्टा आखून द्यावा लागतो. तो पट्टा नकाशावर रेघ म्हणून दिसतो, जमिनीवर मात्र तो कुणाचे तरी शेत, कुणाचा तरी गोठा असतो. आणि नियम मोडले तर नाव काढूनही घेतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे २००९ साली आणि इंग्लंडातल्या लिव्हरपूलचे २०२१ साली काढून घेतले. तेव्हा बंधने कागदावर राहतील या भ्रमात कोणी राहू नये.

हंपीत काय घडले ते ऐका. विजयनगरची ती राजधानी १९८६ पासून वारसा यादीत आहे. विरूपाक्ष मंदिरासमोरच्या जुन्या बाजारात पिढ्यान् पिढ्या लोक राहत होते, पाहुण्यांना खाऊ घालत होते, खोल्या देत होते. जुलै २०११ मध्ये अतिक्रमण म्हणून त्यांची घरे-दुकाने पाडली गेली. वारशामुळे ज्यांचा धंदा उभा राहिला, वारशाच्याच नावाने त्यांना उठवले. आपल्याकडेही जानेवारी २०२५ मध्ये सरकारने गडकिल्ल्यांवरची अतिक्रमणे काढायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या. किल्ल्यावर बेकायदा बांधकाम नकोच, त्याबद्दल दुमत नाही. पण पायथ्याच्या बाईची भजी-भाकरीची पाल उद्या कोणत्या यादीत जाईल? कागद नसेल तर अतिक्रमणाच्या यादीत. म्हणून धंदा मोठा व्हायच्या आत कागद करून घेतला पाहिजे.

एका क्विंटल ज्वारीचा हिशेब

"तुम्ही मालेगाव-नांदगाव-येवल्याचे कोरडवाहू, तुमचा साल्हेरशी काय संबंध?" असे कोणी विचारील. साल्हेरच्या पायथ्याला पाऊस जास्त. तिथला आदिवासी शेतकरी भात, नागली, वरई पिकवतो. ज्वारी आणि कापूस आपल्याकडे. संबंध असा.

२०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाली, मालदांडीची ३,७४९ रुपये. तेवढी तरी बाजारात मिळते का, हे प्रत्येकाने आपली हिशेबपट्टी काढून बघावे. आता त्याच ज्वारीची भाकरी करू. एका भाकरीला १०० ग्रॅम पीठ धरले तर क्विंटलच्या हजार भाकरी होतात. पाहुण्याच्या ताटातली भाकरी २० रुपये धरली तर झाले २०,००० रुपये. दळण, सरपण, भाजणारीची मजुरी, वाया गेलेले असे सगळे मिळून अर्धे वजा करा. तरी १०,००० उरतात. त्याबरोबर पिठले, ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी वेगळी. सगळी ज्वारी अशी विकता येणार नाही, हे मलाही कळते. पण शेतमालाची किंमत शेतात ठरत नाही, ताटात ठरते, हे या हिशेबावरून पटावे.

आता मुक्कामाचा हिशेब. आकडे फक्त समजण्यासाठी धरतो. रविवारी शंभर माणसे आली आणि माणशी ३० रुपयांचा चहा-नाश्ता करून गेली, तर गावात ३,००० रुपये पडले. त्यांतली पन्नासच माणसे रात्री राहिली, दोन वेळ जेवली आणि माणशी ६०० रुपये देऊन गेली, तर ३०,०००. माणसे निम्मी, पैसा दसपट. म्हणून गर्दीच्या आकड्यांना भुलू नका. "यंदा इतके लाख पर्यटक आले" असे भाषण ऐकले की विचारा, त्यांतले राहिले किती आणि जेवले कुणाकडे?

यासाठी कायद्याची वाट अगदीच बंद नाही. २०२० साली राज्याने कृषी पर्यटन धोरण आणले आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून शेतकऱ्याला आपल्या रानात पाहुणे ठेवता येतात. बचत गटाला खानावळ चालवता येते. नोंदणीचा कागद हाती असला की टपरीचे अतिक्रमण होत नाही.

जोडधंद्याच्या उपदेशापासून सावध

एक सावधगिरी मात्र बाळगायची आहे. शेती तोट्यात आहे असे म्हटले की सांगणारे सांगतात, जोडधंदा करा. आधी म्हणाले गाय घ्या, मग म्हणाले कोंबड्या पाळा, आता म्हणतील पर्यटक पाळा. साल्हेरचे नाव झाले म्हणून कापसाच्या भावाचा प्रश्न सुटत नाही. नाशिक जिल्ह्यातली सगळी कोरडवाहू गावे काही किल्ल्याच्या पायथ्याला नाहीत. किल्ल्याचा वाटा मागायचा तो किल्ल्याच्या हक्काने, आणि पिकाचा भाव मागायचा तो पिकाच्या हक्काने. एक दिला म्हणून दुसरा विसरा, हा सौदा मान्य नाही.

दुसरी सावधगिरी मायेपोटी सांगतो. वाईट सालात जमिनीला गिऱ्हाईक आले की माणूस डळमळतो. नाव झालेल्या किल्ल्याच्या पायथ्याला गिऱ्हाईक येणारच. आदिवासी भावाची जमीन बिगर आदिवासीला सहजासहजी घेता येत नाही, महसूल कायद्याच्या कलम ३६ आणि ३६-अ चे त्याला संरक्षण आहे. पण भाडेपट्टा, भागीदारी, दुसऱ्याच्या नावावर व्यवहार अशा चोरवाटा असतात. किल्ला हलत नाही, त्याला बघायला माणसे पुढची शंभर वर्षे येतील. पायथ्याचा एक एकर विकणारा त्या शंभर वर्षांचे उत्पन्न एका लग्नाच्या खर्चात विकतो.

आपले मागणे

आपण अनुदान मागत नाही. मागणे चार गोष्टींचे आहे.

पहिली, साल्हेरला शुल्क लागेल किंवा गाड्या लावण्याची जागा होईल, तर ती चालवण्याचा पहिला हक्क साल्हेर, वाघांबे अशा पायथ्याच्या गावांच्या ग्रामसभांना मिळावा. बाहेरच्या ठेकेदाराला लिलावाने देऊ नये. जमा-खर्च ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा.

दुसरी, संरक्षित पट्टा कोणत्या गटातून जातो, त्यात काय चालेल आणि काय चालणार नाही, हे गट नंबरासह मराठीत चावडीवर लावावे. पाटी लागेपर्यंत कोणाच्या गोठ्याला हात लावू नये.

तिसरी, पायथ्याच्या बचत गटांना आणि शेतकऱ्यांना मुक्काम-खानावळीची नोंदणी गावात येऊन करून द्यावी. त्यासाठी हेलपाटे घालायला लावू नयेत.

चौथी गोष्ट आपली आपल्यासाठी. मालेगाव तालुक्यात गाळणा आहे, मनमाडजवळ येवला तालुक्यात अंकाई-टंकाई आहे, जुनी लेणी आहेत. हे किल्ले युनेस्कोच्या यादीत नाहीत, पण आज साल्हेरला जी घडी बसेल तीच उद्या यांना लागेल. कापसाच्या बाबतीत १९७२ साली एकाधिकार खरेदी आली आणि तीसएक वर्षे एकाच गिऱ्हाइकाच्या दारात आपण गाड्या घेऊन उभे राहिलो. नियम झाल्यावर लढायला फार घाम गाळावा लागतो. या वेळी नियम होण्याआधी बोलू.

जिल्हा बैठकीला येताना गाळणा, अंकाई आणि साल्हेर भागातल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या ग्रामसभेचा ठराव बरोबर आणावा. ठराव चार ओळींचा असला तरी चालेल. त्यात फक्त एवढे असावे की किल्ला जगाचा झाला याचा आम्हाला अभिमान आहे, आणि पायथ्याचा नाका आमच्या गावाचा राहील. नाहीतर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही गत ठरलेली आहे.